उठलेल्या गायीचे पैसे

मामांच्या दवाखान्यात आजारी जनावराचे पैसे घेत नसत. हे वाचून कुणी लगेच मामांना हात जोडू नयेत. तो धर्मादाय दवाखाना नव्हता. पैसे घ्यायचे, पण जनावर उठल्यावर. गाय चारा खायला लागली, रवंथ करायला लागली, की मालक आपणहून यायचा आणि टेबलावरच्या पितळी ताटलीत पैसे ठेवायचा. थोडे तेव्हा, थोडे भाताची कापणी झाल्यावर, राहिलेले माट्टु पोंगलला, म्हणजे आमच्याकडे गाईगुरांचा सण असतो त्या दिवशी, सोबत ऊस आणि गुळाची ढेप. ढेपेला मुंग्या लागलेल्या असायच्या आणि मामी ती घरात घ्यायला तयार नसायची, पण मामा ती दोन्ही हातांनी घ्यायचे.

फक्त एका प्रसंगी मामा जागच्या जागी पैसे मागत: जनावर वाचणार नाही अशी खात्री झाली की. मेलेल्या जनावराच्या घरी वसुलीला जायचं नाही हा त्यांचा नेम होता. म्हणून ते जिवंत आहे तोवरच निदान औषधाची किंमत मागून घ्यायची, आणि स्वतःची फी सोडून द्यायची. "वाचत नाही" असं ते तोंडाने कधी म्हणायचे नाहीत. मान खाली घालून बॅग बंद करत, "मागचं काय असेल ते आज देऊन टाका," एवढंच. माणसं समजायची. बायका तिथेच पदर तोंडाला लावायच्या. मग मालक लगोलग गुरांच्या दलालाला बोलावणं धाडायचा, कारण दलाल फक्त श्वास चालू असलेल्या जनावराचे पैसे देतो. मेल्यावर उलट ओढून न्यायचे पैसे आपल्यालाच मोजावे लागतात.

हे कुठे लिहिलेलं नव्हतं. कुणी कुणाला शिकवलंही नव्हतं. तंजावूरच्या किल्ल्याच्या खंदकापासून पार पापनाशमच्या वाटेवरच्या खेड्यांपर्यंत सगळ्या गाईवाल्यांना ते माहीत होतं.

मी त्या दवाखान्यात पुढच्या खोलीत टेबलापाशी बसायचे. डिग्री झाली होती, नोकरी नव्हती, आणि उरलेल्या वेळात सायकलवरून पत्रकं वाटायचे. साक्षरतेच्या मोहिमेत पत्रकं लिहायला शिकले ती मी थांबलेच नाही: रेशनवर पत्रक, पाण्यावर पत्रक, खतांच्या भावावर पत्रक. उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर मामा जंताच्या पुड्या बांधून द्यायचे. "तुझं क्रांतिकारक वाङ्मय गाईपर्यंत पोचतंय," म्हणायचे. पत्रकं मी तमिळमध्ये लिहिते. हे मराठीत लिहितेय, कारण पत्रकाच्या शेवटी मागण्या असाव्या लागतात आणि इथे काय मागायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

आमच्या मराठी पूर्वजांचं राज्य तंजावुरातून गेलं आणि तमिळमध्ये त्यांचे शब्द राहिले: बाकी, वसूल, जप्ती. दुसरं काहीच राहण्यासारखं नव्हतं का, असं मी एकदा मामांना चिडून विचारलं होतं.

"सांबार राहिलं ना!" मामा म्हणाले. "तेही आपल्याच राजवाड्यातलं म्हणतात. तेवढ्यावर समाधान मान."

मग ती वर्षं आली. दिल्लीने बाजार मोकळा केला. पेपरवाले टाळ्या वाजवत होते. आमच्या गल्लीत फोनचं बूथ आलं, रंगीत टीव्ही आले, आणि मामांच्या दवाखान्यातलं औषधाचं कपाट रिकामं होत गेलं. आधी त्रिचीचा औषधवाला माल उतरवून तीन महिन्यांनी पैसे न्यायचा. मामांची उधारी त्याच्या उधारीवर उभी होती. त्याने ती काढून घेतली.

"ऐकलंस काय म्हणाला तो?" मामा जेवताना सांगत होते. घरी ते आमची मराठी बोलत, जिला पुण्याकडचे पाहुणे हसतात. "सार, कंपनी मोठी झाली. रोख असलं तर पेटी उतरवतो. नाही तर गाडी पुढं जाईल, मणे."

"मग भांडायचं त्याच्याशी!"

"भांडलो की."

"मग?"

"गाडी पुढं गेली."

अशा वेळी मद्रासहून भाऊजी आले. मामांचे जावई. एका कंपनीत हिशेब बघायचे, ती कंपनी विकली गेली तशी नोकरीही गेली, आणि ते सासऱ्यांच्या दवाखान्याला वळण लावायला बसले. वाईट माणूस नव्हता. माझ्या सायकलची साखळी उतरली की हात काळे करून ती बसवून द्यायचा. पण पितळी ताटली बघून त्याला हसू आवरेना. आठवड्याच्या आत ती मागच्या खोलीत गेली आणि भिंतीवर निळ्या अक्षरांत पाटी आली: उधार बंद, मागची बाकी भरून मगच तपासणी.

मी भांडले. भाऊजींशी, मामांशी, मामींशी उगीचच.

"गरिबांनी जायचं कुठे?"

"सरकारी दवाखाना आहे की," भाऊजी म्हणाले.

"तिथे औषध नसतं!"

"इथं तरी कुठं आहे? ते कपाट उघडून बग आधी."

मी उघडलं नाही. आत काय आहे ते मला माहीत होतं. मामा त्या वेळी भातात ताक कालवत होते, ते कालवतच राहिले. शेवटी म्हणाले, "नक्को, भांडू नक्को. तो म्हणतो त्यात खोट नाही." त्यांच्या त्या आवाजाचा मला पाटीपेक्षा जास्त संताप आला. मी त्याच दिवशी पाटीविरुद्ध पत्रक लिहिलं. ज्यांच्यापाशी पैसे नाहीत त्यांची जनावरं दारातून परत जातील, असं त्यात ठणकावून म्हटलं होतं. परत गेलीही. दोन-तीन शेळ्या, एक बैल. मी प्रत्येक वेळी बरोबर ठरले आणि कुणाचंच काही भलं झालं नाही.

ज्यांच्यापाशी पैसे आहेत त्यांचं काय होईल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं.

खंदकाच्या कडेला एक दूधवाली राहायची. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. पोटी एक मुलगी, ती त्रिचीला नर्सिंग शिकत होती. घरात मिळवणारी एकच: जर्सी गाय. तांबडी, कपाळावर पांढरा डाग, आणि लाथ मारण्यात पटाईत. अक्का ते कौतुकाने सांगायची. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची सकाळची कॉफी त्या गाईच्या दुधाची. तिला काही झालं तर अक्काच्या चुलीवर काही चढणार नव्हतं आणि मुलगी अर्ध्यातून परत येणार होती. एवढा साधा मामला.

गाय संध्याकाळी व्याली. सकाळी ती उठेना. मान वळवून कुशीला लावून बसलेली, कान गार, नाक कोरडं. अक्का धावत दवाखान्यात आली. मी तेव्हा तिरुवैयारूच्या बाजूला पत्रकं वाटत होते. मामा पापनाशमला एका भाताच्या गिरणीवर गेले होते. टेबलापाशी भाऊजी होते. पुढचं मला अक्काने सांगितलं आणि भाऊजींनीही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

भाऊजींनी तिला बाकावर बसवलं आणि समोरच्या बूथवर जाऊन गिरणीत फोन केला. मामांना सगळी लक्षणं सांगितली. मामा म्हणाले, कॅल्शियमच्या दोन बाटल्या काढून ठेव, दुपारपर्यंत पोचतो. भाऊजी परत आले.

"डॉक्टर दुपारी येतात," ते म्हणाले. "तोवर मागची बाकी आणि आजच्या औषधाचे पैसे भरून टाक, अक्का."

अक्का म्हणे बाकावरून उठली.

"सारना सगळं सांगितलंत? मान कुशीला लावलीय ते? कान गार आहेत ते?"

"सांगितलं."

"ऐकून सार पैसे भरा म्हणाले?"

"त्यांचाच नियम आहे," भाऊजी म्हणाले. पाटीकडे बोटही दाखवलं असणार. अक्काला वाचता येत नव्हतं.

तिने कंबरेची पुरचुंडी सोडली. पैसे होते तिच्यापाशी. मुलीच्या फीसाठी जमवलेले. मागचे, पुढचे, सगळे मोजून दिले, पदराने डोळे पुसले आणि गेली. भाऊजींना वाटलं, पैसे गेल्याचं दुःख. मद्रासला वाढलेला माणूस, त्याला गाईवाल्यांची रीत काय ठाऊक? त्याने पावती फाडली आणि तिच्यामागे रस्त्यापर्यंत जाऊन ती तिच्या हातात दिली.

मी उन्हात सायकल ढकलत दवाखान्यापाशी पोचले तेव्हा मामांची स्कूटर दारात येत होती.

"बाटल्या आण!" मामा तिथूनच ओरडले. "अक्काची गाय पडलीय."

भाऊजी बाटल्या घेऊन हसत बाहेर आले. "अक्कानं अस्की बाकी भरली, मामा. सगळी, आजचीसुद्धा. मागितलं की देतात बगा लोक."

मामांनी स्कूटर बंद केली नव्हती. ती तशीच फटफटत राहिली.

"आज घेतलेस? गाय उठायच्या आधी?"

"होते तिच्यापाशी..."

"बैस मागं," मामा मला म्हणाले.

अक्काच्या अंगणात शेजारच्या बायका बसल्या होत्या, मयताच्या घरी बसतात तशा. खांबाला बांधलेलं वासरू उभं राहायला शिकत होतं आणि पडत होतं. गाईची जागा रिकामी होती. तिथून दारापर्यंत मातीत रुंद ओरखडा गेला होता.

"गाय कुठं आहे?" मामांनी तमिळमध्ये विचारलं.

"नेली, सार."

"नेली म्हणजे? मी येतो म्हणून निरोप दिला होता ना!"

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं. "पैसे मागितलेत ना तुम्ही. मग मी काय समजू? माझ्या म्हशीच्या वेळी असंच केलंत. पैसे घेतलेत आणि दुसऱ्या दिवशी म्हैस गेली."

"अगं, मी मागितले नाहीत!"

"तुमच्या जावयाने तुमचं नाव घेऊन मागितले."

मामा खाली तिच्यासमोर उकिडवे बसले. "ती मरत नव्हती, अक्का. व्याल्यावर कधी कधी अंगातलं कॅल्शियम सगळं दुधात उतरतं, गाय पडते. बाटली शिरेतून चढवली की उठते. तासाभरात उठते."

"उठते?" अक्का म्हणाली.

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून बसून राहिल्या. एक म्हातारी तेवढी शहाणी निघाली. म्हणाली, बसून काय राहिलात, टेम्पो बाजाराच्या मैदानात असेल, भरल्याशिवाय तो सुटत नाही. अक्का उठली. दलालाने दिलेल्या नोटा अजून तिच्या मुठीतच होत्या, तिने त्या ठेवल्यासुद्धा नव्हत्या. "हे त्याच्या तोंडावर मारते," म्हणाली. मामांनी तिला मागून ऑटोने यायला सांगितलं आणि आम्ही निघालो, मी दोन बाटल्या पोटाशी धरून.

गाय मैदानातल्या चिंचेखाली आडवी होती. अजून टेम्पोत चढवली नव्हती, फळ्या लावायचं काम चाललं होतं. दलाल मामांना ओळखायचा. "वांगो, सार, वांगो!" म्हणत, या-या करत पुढे आला. मामांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. गाईच्या डोळ्याला बोट लावून पाहिलं, पोट दाबलं, आणि बॅग उघडली.

मी मामांचा दंड धरला. दलालाला कळू नये म्हणून आमच्या मराठीत म्हटलं, "मामा, आधी भाव ठरवा. मग सुई."

"काय?"

"आत्ता ती मांसाच्या भावात आहे. उठली की दुधाच्या भावात जाईल. अक्काचे पैसे येतायत, आत्ता घेऊन टाका परत. मग चढवा बाटली."

मामांनी माझा हात झटकला. आयुष्यात पहिल्यांदा. "पोट फुगलंय तिचं. डोळा हलत नाही. जनावर असं पडलंय आणि मी घासाघीस करत बसू?"

"मामा, अक्काची गाय आहे ती!"

"गाय आहे," मामा म्हणाले. "बाटली वर धर."

मी धरली. आधी इलाज, पैसे मागून: माझ्या पत्रकात मी ज्या रीतीचे गोडवे गायले होते, तीच ही रीत. मामांना दुसरं येतच नव्हतं. मानेची शीर सापडली, नळीत बुडबुडे चढायला लागले. मामा हळूहळू सोडत होते, छातीला कान लावून. बाटली वर धरून माझे दंड दुखायला लागले. रिकाम्या टेम्पोंचे ड्रायव्हर, शेळ्या विकायला आलेले, सगळे भोवती जमले. दुसरी बाटली संपत आली तसं गाईच्या अंगावर शहारे आले, मांड्या थरथरायला लागल्या. तिने मोठी ढेकर दिली. शेण टाकलं. लोक हसले. मग तिने मान सरळ केली, इकडेतिकडे पाहिलं, मागचे पाय गोळा केले आणि उठली. उभ्या उभ्या एकाला लाथही मारली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दलालाने मामांचे पाय धरले. "सार, तुम्ही देव!" आणि खिशातून नोटा काढून मामांच्या हातात कोंबल्या. "गाय उठली, सार. आता नाही म्हणायचं नाही."

तेवढ्यात अक्काची ऑटो आली.

अक्का उतरली आणि जागीच उभी राहिली. गाय तिला बघून हंबरली. अक्काने मुठीतल्या नोटा दलालापुढे धरल्या. त्याने त्या घेतल्या नाहीत. तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं आणि मामांच्या उजव्या हातावर टॉवेल टाकला. टॉवेलखाली बोटं धरून भाव सांगतात, ती बाजाराची रीत. मामा जन्मभर गुरांमध्ये वावरले, पण टॉवेलखाली हात त्यांनी कधी घातला नव्हता. त्यांना बोटांची भाषा कळेना. दलालाला दोनदा धरावी लागली. दुसऱ्यांदा कळली, ते मला मामांच्या चेहऱ्यावरून समजलं.

"तू सकाळी दिलेस त्याच्या तिप्पट?"

"व्यालेली जर्सी आहे, सार. उभी आहे, कास भरलीय. पोल्लाचीच्या गुरांच्या बाजारात याच्याहून जास्त येतील. तुम्ही म्हणून कमी सांगतोय."

"आत्ता एवढे घे," मामा म्हणाले. "राहिलेले मी पोंगलला देतो."

दलाल हसला. टवाळीने नाही, खरंच गंमत वाटून. "टेम्पोवाला पोंगलपर्यंत थांबेल का, सार?"

मी ओरडायला लागले. काय काय बोलले ते आठवत नाही. लुबाडणूक, पिळवणूक, असं बरंच असणार. माणसं ऐकत उभी होती, मला चांगला आवाज आहे. दलालाने मला पुरतं बोलू दिलं.

"पाप्पा, मी काय चोरलं?" लहान पोरीला म्हणावं तसं तो मला म्हणाला. "सकाळी हिला कुणी हात लावत नव्हतं. मी रोख पैसे मोजले. वाटेत मेली असती तर तू भरून देणार होतीस?"

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. हेच मला अजून सहन होत नाही. मी ज्याच्यावर पत्रक काढावं असा माणूसच त्या मैदानात नव्हता.

अक्का आमच्यापैकी कुणाचंच ऐकत नव्हती. ती गाईच्या कासेकडे बघत होती. कास तट्ट फुगली होती, सडांतून चीक आपोआप गळत मातीत जात होता.

"वासरानं सकाळपासून काही प्यायलं नाही," ती म्हणाली. "एवढा चीक घेऊ का?"

"घे की, अक्का," दलाल म्हणाला. "त्याचे मी पैसे घेतो काय!" आणि त्यानेच चहावाल्याकडून झाकणाचा डबा आणून दिला.

अक्का खाली बसली. गाय स्वस्थ उभी राहिली. धारा डब्यात वाजायला लागल्या, पिवळ्या, घट्ट. डबा अर्धा झाला तसे मामा वाकून तिला हळू म्हणाले, "सगळं काढू नकोस. कास रिकामी केलीस तर ती पुन्हा पडेल."

अक्काचे हात थांबले. तिने वर मामांकडे पाहिलं, मग गाईकडे. मला वाटलं, आता ती शेवटच्या थेंबापर्यंत काढणार, गाय पडणार आणि पुन्हा मांसाच्या भावात येणार. मी तिच्या जागी असते तर काढला असता.

तिने सड पुसले, कासेवरून हात फिरवला आणि उठली. डब्यावर झाकण लावलं.

मामांच्या मुठीत दलालाने दिलेल्या नोटा तशाच होत्या. त्यांनी त्या अक्कापुढे धरल्या. ती म्हणाली, "तुमच्या आहेत, सार. गाय उठली ना," आणि ऑटोत जाऊन बसली. मी तिच्याशेजारी. मैदानाबाहेर पडेपर्यंत गाय हंबरत होती. अक्काने डबा दोन्ही हातांनी धरला होता आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती ड्रायव्हरला म्हणत होती, "सावकाश रे, सांडेल."